स्मार्ट बल्ब वायफायला जोडला जात नाहीये, पोरं खिदळतायत

प्रश्न:
मंडळी, काल रात्री साडेअकरापर्यंत स्टुलावर चढून बल्ब जोडत बसलो, तो नुसता लुकलुकतोय आणि ॲपमध्ये ते गोल फिरतंय, पासवर्ड तीनदा बघितला. धाकटी म्हणते, बाबा, जुना बल्ब बटण दाबलं की लागायचा ना? थोरल्याने तर मेणबत्तीच आणून दिली हातात. काय करू?

प्रतिसाद:
मोबाइल वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर (म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर) असेल बघा. असले बल्ब बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवरच चालतात. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, मोबाइल २.४ वर घ्या आणि मग जोडा. नंतर मोबाइल परत ५ वर नेलात तरी चालतं.

प्रतिसाद:
राउटरमध्ये वायफायची सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ (नवी पद्धत) ठेवली असेल तर डब्ल्यूपीए२ (आधीची पद्धत) पण चालू करा, माझं घोडं तिथेच अडलं होतं. बाकी मेणबत्ती भारीच! आमची कन्या मला लाइनमन म्हणते.

प्रश्नकर्ता:
जमलं!! २.४ चाच घोळ. पण आता ॲप पोरांच्याही फोनवर आहे, मी बाथरूममध्ये गेलो रे गेलो की दिवा जांभळा, आणि बाहेरून बायकोसकट सगळ्यांचं हसणं.