इंदूर–मनमाड रेल्वे: हरकत कुठे नोंदवावी?

प्रश्न: महूजवळच्या आमच्या शेतातून ३०९ किलोमीटरच्या या मार्गाची आखणी गेली असून विहीर एका बाजूला आणि गव्हाचे वावर दुसऱ्या बाजूला राहणार आहे. असा मार्ग ठरवताना गावाला विचारणे बंधनकारक नाही का?

उत्तर १: काका, रेल्वे अधिनियम १९८९ नुसार भूसंपादन होत असल्यास २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील सामाजिक परिणाम मूल्यांकन (म्हणजे गावाचे म्हणणे ऐकून केलेली पाहणी) सक्तीचे नाही (मला हे खटकते), मात्र कलम २०-अ ची (जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी) अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कलम २०-ड खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते आणि सुनावणीही मागता येते.

उत्तर २: हरकतीला खसऱ्याची (जमिनीच्या सरकारी नोंदीची) नक्कल जोडा, आणि नुसता विरोध न करता रुळांखालून बैलगाडी व जलवाहिनी जाईल एवढी मोरी नेमकी कुठे हवी, ते नकाशावर दाखवा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. हरकतीची पोच घेईनच.