‘रॅटिफिकेशन’ला मराठीत काय म्हणावे?

टाकबोरू:
हवामानविषयक पॅरिस करारावरचा एक लेख मराठीत आणत असताना एका वाक्यापाशी अडलो आहे. 22 एप्रिल 2016 रोजी हा करार न्यूयॉर्कमध्ये स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि त्या एकाच दिवशी करार करणाऱ्या 175 पक्षांनी त्यावर सह्या केल्या. मात्र ‘रॅटिफिकेशन’चा, म्हणजे कराराने बांधले जाण्यास रीतसर संमती दिल्याचा, दस्तऐवज त्याच दिवशी देणारे फक्त 15 होते आणि त्यांत बहुतेक लहान बेटराष्ट्रे होती. मी पहिल्या क्रियेसाठी ‘स्वाक्षरी’ आणि दुसरीसाठी ‘मान्यता’ असे लिहिले. संपादकांनी ‘सही म्हणजेच मान्यता नव्हे काय?’ असा शेरा मारून दुसरा भाग गाळला, त्यामुळे बेटांची घाई का महत्त्वाची होती तेच नाहीसे झाले. कोशात ‘अनुसमर्थन’ सापडते, पण त्यावरून सामान्य वाचकाला काही बोध होईल असे वाटत नाही. आपण काय लिहिले असते?

कलमबहाद्दर:
‘अनुसमर्थन’च लिहावे, तो शब्द अवघड नाही, केवळ अपरिचित आहे. आपल्या संपादकांचा शेरा मात्र सपशेल चुकीचा आहे. करारांच्या कायद्याविषयी 1969 साली व्हिएन्ना येथे जो करार झाला, त्यात देशाने बांधले जाण्यास संमती देण्याचे अनेक मार्ग सांगितले आहेत. तसे ठरले असेल तर नुसत्या सहीनेही देश बांधला जातो, परंतु जेथे अनुसमर्थनाची अट असते तेथे सही करणाऱ्यावर एवढेच बंधन येते की, कराराचा हेतूच हाणून पाडला जाईल असे त्याने काही करू नये. अमेरिकेने 1998 मध्ये उत्सर्जन घटवण्याविषयीच्या क्योटो प्रोटोकॉलवर सही केली, अनुसमर्थन कधीच केले नाही, आणि म्हणून त्यातले उत्सर्जनाचे लक्ष्य तिला कधीच लागू झाले नाही. पॅरिस करार अमलात येण्यासाठीही सह्या मोजल्या गेल्या नाहीत. किमान 55 पक्षांची, आणि जागतिक उत्सर्जनात ज्यांचा वाटा किमान 55 टक्के आहे अशांची, रीतसर संमती संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे पोहोचावी लागली. ती अट पुरी झाल्यावर 4 नोव्हेंबर 2016 रोजी करार अमलात आला. ‘मान्यता’ नकोच, कारण एक देश दुसऱ्याला देतो ती मान्यता वेगळी. शिवाय ‘175 देश’ असेही लिहू नका. त्यांत युरोपीय संघ आहे.

जुनेदप्तर:
‘समर्थन’ म्हणजे आज मराठीत पाठिंबा, त्यामुळे ‘अनुसमर्थन’ वाचून मागाहून दिलेला पाठिंबा एवढाच अर्थ मनात येतो. बंधन त्यात कोठेच नाही. माझ्या मते आपला शब्द ‘मोर्तब’ हा आहे. शिवकाळातल्या राजपत्रांत शिक्का माथ्यावर असे आणि मोर्तब मजकुराच्या शेवटी. ते उमटले की लेखनाची मर्यादा झाली, पुढे एक अक्षर घालता येत नसे. ‘त्या दिवशी सह्या 175 आणि मोर्तब 15’ असे लिहून पाहा, संपादकांना शेरा मारायला जागाच उरणार नाही.

शुद्धलेखणी:
ज्या छत्रपतींनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यांच्याच दप्तराच्या नावाने अरबी ‘मुरत्तब’ पुढे करावा, हे नवल आहे. शिवाय निवडणुकीतल्या उमेदवारीवर रोजच शिक्कामोर्तब होत असते, त्यामुळे तो शब्द पार झिजून गेला आहे. मुळात ‘करार’ हाही परकाच आहे. कौटिल्याने ‘पणबन्धः सन्धिः’ अशी दोन शब्दांत व्याख्या केली आहे. अटींनी बांधणे म्हणजे संधी. हाताशी इतका नेमका शब्द असताना उसनवारी कशासाठी?

जुनेदप्तर:
कारण ‘ओझोन संधी’ असे लिहिल्यास निम्मे वाचक अर्ज कोठे करायचा ते विचारतील. हिंदीत तो अर्थ टिकला, आपल्याकडे गेला. ‘तह’ मराठीला अधिक जवळचा, पण पुरंदर, सालबाई, वसई ही नावे त्याला अशी चिकटली आहेत की, तह म्हटला की आधी लढाई आणि मग कोणाचे तरी किल्ले जाणे आलेच. ओझोन थर वाचवण्यासाठी झालेल्या 1987 च्या मॉन्ट्रियल प्रोटोकॉलमध्ये कोणी कोणाला हरवले नव्हते, आणि 2009 पर्यंत तो संयुक्त राष्ट्रांच्या सर्वच्या सर्व सदस्यांनी स्वीकारला. त्याला ‘तह’ कसे म्हणणार? (‘प्रोटोकॉल’चा ‘राजशिष्टाचार’ केलेलाही मी एके ठिकाणी वाचला आहे, त्यावर न बोललेले बरे.)

शंकेखोर:
नामांवर आपण उगाच भांडत आहोत, खरी अडचण क्रियापदांत आहे. 12 डिसेंबर 2015 रोजी पॅरिसमध्ये अखेरचा मसुदा हाती आला तेव्हा कलम 4 मध्ये विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीबाबत ‘शॅल’ असे, म्हणजे बंधन दाखवणारे इंग्रजी क्रियापद, छापले गेले होते. अमेरिकेने हरकत घेतली, कारण लक्ष्य कायद्याने बंधनकारक झाले असते तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तेथे तो मंजूर होण्याची आशा नव्हती. शेवटी तांत्रिक दुरुस्त्यांच्या यादीतून त्याजागी नुसती अपेक्षा सांगणारे ‘शुड’ वाचून दाखवण्यात आले आणि करार संमत झाला. आता हे दोन्ही मराठीत लिहून दाखवा. ‘विकसित देशांनी कपातीत आघाडीवर राहावे’ यातले ‘राहावे’ म्हणजे हुकूम की सल्ला? आपला विध्यर्थ दोन्हीकडे चालतो. ज्या शब्दावर सारे अडले होते, त्याचा भेद मराठीत दिसतच नाही.

कलमबहाद्दर:
दिसतो. कायद्याच्या मराठीत बंधनासाठी ‘करील’, ‘राहील’ आणि अपेक्षेसाठी ‘करावे’, ‘राहावे’ ही रीत रुळलेली आहे.

शुद्धलेखणी:
कायद्याच्या पुस्तकात ती रीत चालेल. लेखात ‘विकसित देश आघाडीवर राहतील’ असे वाचले की ते बंधन न वाटता भाकीत वाटते, आणि तेही खोटे ठरण्याची शक्यता असलेले.

जुनेदप्तर:
जुन्या पत्रांत आज्ञेसाठी ‘करणे’ असे. ‘कपात करणे’ म्हटले की संदिग्धता उरत नाही.

कलमबहाद्दर:
ते वरच्याने खालच्याला लिहिलेले ‘करणे’ आहे. करारात वरचा कोणी नसतो, प्रत्येक देश स्वतःच स्वतःला बांधून घेत असतो, त्यामुळे आज्ञेचे रूप तेथे लागूच पडत नाही. दुसरे काही सुचवा.