'सिग्नेचर विन'ला मराठीत काय म्हणाल?

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी दोन दिवस अडकलेय. कोचबद्दल बोलताना इथे सारखं येतं की अमक्याला अजून 'सिग्नेचर विन' मिळालेला नाही. 'स्वाक्षरी विजय' लिहिलं आणि लगेच खोडलं, कानाला मराठी वाटतच नाही ते. उदाहरण सांगते. जिम हारबॉ मिशिगन युनिव्हर्सिटीचाच जुना क्वार्टरबॅक (टीमची चाल चालवणारा, बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), 2015 ला कोच म्हणून परत आला, मॅचेस भरपूर जिंकला पण मिशिगनचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी असलेल्या ओहायो स्टेटशी पहिल्या पाचही हरला, 2020 ची झालीच नाही. मग 27 नोव्हेंबर 2021 ला, मिशिगनच्या घरी अ‍ॅन आर्बरला बर्फ पडत होता, 42-27 ने जिंकले आणि सगळं पब्लिक मैदानात उतरलं. आधीचे सगळे विजय एका पारड्यात आणि हा एकटा दुसऱ्या. याला काय म्हणायचं?

—

ऐतिहासिक विजय. पेपरात हेच असतं.

—

ऐतिहासिक नको हो, तो शब्द वापरून वापरून पार झिजलाय. 'मोहोर उमटवणारा विजय' बघा. सही, मोहोर, शिक्का एकाच घरातले शब्द, पण वापर वेगळा. शिक्का माणसावर बसतो आणि बहुतेक वेळा वाईटच असतो, मोहोर मात्र माणूस स्वतः उमटवतो. तुमच्या हारबॉवर 'मोठी मॅच हरतो' असा शिक्का होता, तो 2021 ला पुसला. मला तर हे दोन वेगळे प्रकार वाटतात.

—

मग अपसेट, म्हणजे दुबळ्या टीमने बलाढ्य टीमला हरवणं, म्हणजे पण हेच ना? 2007 ला अ‍ॅपलाचियन स्टेटने देशात पाचव्या नंबरच्या मिशिगनला त्यांच्याच घरी 34-32 हरवलं, शेवटच्या क्षणी फील्ड गोल अडवून. 'धक्कादायक विजय' चालेल की.

—

नाही चालणार, कारण धक्का हरणाऱ्याला बसतो, त्या शब्दात जिंकणारा कोच कुठे दिसतच नाही. आणि अ‍ॅपलाचियन स्टेटचा कोच जेरी मूरने त्याआधी 2005 आणि 2006 ला खालच्या विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेलं होतं, त्याला ओळखणाऱ्यांना तो काय आहे हे माहीतच होतं. बरं, गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हाच हारबॉ, तेव्हा स्टॅनफर्डला पहिलंच वर्ष, बदली क्वार्टरबॅक घेऊन यूएससीला (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) 24-23 ने हरवून आला, सट्टेवाल्यांनी 41 पॉइंटने हरणार म्हणून धरलं होतं. पण सीझन संपला 4-8 वर, म्हणजे 4 विजय, 8 हार. म्हणजे त्या दिवशी तो नुसता अपसेटच होता. 2010 ला स्टॅनफर्ड 12-1 झाली तेव्हा लोकांना कळलं की सुरुवात तिथे झाली होती. सिग्नेचर विन मागे वळून बघितल्यावरच ओळखू येतो, शब्द शोधताना हे विसरू नका.

—

यावरून 'पत' सुचतोय. बाजारात नवीन माणसाला उधारी कोणी देत नाही, एक मोठा व्यवहार नीट पार पाडला की मग देतात, तसंच कोचचं. नॅशव्हिलची व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी बघा ना, 2023 ला 2-10. त्यांचा कोच क्लार्क ली तिथलाच, नॅशव्हिलमधला, स्वतः व्हँडरबिल्टकडून खेळलेला. 5 ऑक्टोबर 2024 ला पहिल्या नंबरच्या अलाबामाला 40-35 ने हरवलं. त्याआधी देशात पहिल्या पाच नंबरांतल्या टीमशी व्हँडरबिल्टच्या 60 मॅचेस, 60 हार. मुलांनी गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेऊन भर गावातून ब्रॉडवेवरून चालवत नेला आणि कंबरलँड नदीत सोडून दिला. माझ्या मते त्या एका संध्याकाळीने लीची पत झाली.

—

पत! हाच पाहिजे होता, कारण पत दुसरे देतात, आपण आपली घेऊ शकत नाही, आणि ती वापरायला पुढचे सीझन लागतात. 'मोहोर'पण ठेवते, पण तो जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिताना. लेखातलं वाक्य आता असं केलंय: "सहा वर्षं मॅचेस जिंकूनही हारबॉची मिशिगनमध्ये पत नव्हती, ती ओहायो स्टेटला हरवल्यावर झाली." कोणाला खटकतंय का बघा, शुक्रवारी अंक छपाईला जातोय.