टेकडी खासगी, पण पायवाट कुणाची?

टेकडीकर: पुण्यात आमच्या बाजूच्या टेकडीवर मालकाने तारेचं कुंपण घातलंय. सातबारा त्याच्या नावावर आहे, त्यावर वाद नाही. पण जागेवर बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाचं) आरक्षण, म्हणजे बंगला उठणार नाहीच. मग वाट अडवून साधतं काय? मला अख्खी टेकडी नको. मळलेली पायवाट तेवढी उघडी ठेवा, बाकी खुशाल कुंपण घाला. स्कॉटलंडने २००३ साली कायदाच केला: घराभोवतीची जागा आणि उभं पीक सोडून खासगी जमिनीवरही नीट वागून फिरता येतं.

सातबारावाला: साधतं काय, हे विचारणारे तुम्ही कोण? आमचं गाव १९९७ साली पालिकेत गेलं. मग २३ गावांतल्या टेकड्यांवर बीडीपी पडलं, आणि मोबदला काय, तर ८ टक्के टीडीआर, दुसरीकडे बांधायचा विकता येणारा हक्क. बांधता येत नाही, विकायला काढली तर गिऱ्हाईक फिरकत नाही. वर तुम्हाला फुकट फिरायला द्यायची? उन्हाळ्यात वणवा लागतो तो तुमच्यातल्याच कुणाच्या थोटकाने. आणि स्कॉटलंडच्या जहागिरी हजारो एकरांच्या असतात हो. आमची चार भावांत मिळून दीड एकर.

पहाटवारा: पंचवीस वर्षं लोक चालतायत. वहिवाट झाली की! कोर्टात जा.

काळा_कोट: जाऊन तोंडावर पडाल. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात २० वर्षांची वहिवाट आहे खरी, पण ती तुमच्या मिळकतीच्या उपभोगासाठी लागते. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा उपभोग टेकडीवाचून अडतो, हे न्यायाधीशांना कसं पटवणार? रूढीने मिळालेला सार्वजनिक हक्क वेगळा, पण तो पुराव्याने शाबीत करावा लागतो. मालकाने इतकी वर्षं हटकलं नाही, ही त्याची मुभा म्हणतील, आणि मुभा काढून घेता येते. तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज होतो, तो शेताची वाट अडवली तर. मॉर्निंग वॉकसाठी नव्हे.

टेकडीकर: कोर्टाचं मी म्हणतच नाहीये. चार फुटी पट्ट्याचं वर्षाचं भाडं ठरवा, सोसायट्या मेंटेनन्समधून भरतील. पार्किंगच्या रंगासाठी पैसे निघतात, यासाठी का निघू नयेत?

सातबारावाला: लेखी करार करा, मग बोलू. रात्री गेट बंद, बाटल्या दिसल्या तर करार रद्द. आणि कुणी घसरून पाय मोडला तर माझ्या दारात यायचं नाही, हेही त्यात लिहा.

उतारावरची: वा, भाडं भरणाऱ्यांना पास, आणि बाकीच्यांना? पलीकडच्या वस्तीतल्या बायका धुण्याभांड्याला याच वाटेने येतात. हवा खायला नाही, रिक्षाचे पैसे वाचवायला. गेट साडेसहाला उघडलं तर त्यांची पहिली दोन घरं बुडाली. सगळ्यात जास्त त्याच चालतात, आणि इथे त्यांना एकानेही विचारलेलं नाही. शिवाय भाड्याची पावती फाडली की उद्या कुठलाही हक्क सांगायची सोय संपली, बरोबर ना वकीलसाहेब?

काळा_कोट: बरोबर. भाडं दिलं म्हणजे परवानगीने चालतो हे कबूल केल्यासारखंच.

सातबारावाला: त्या बायकांना मी कधी अडवलं नाही. कुत्री सोडणाऱ्यांना अडवलंय.

उतारावरची: तार दोघांना सारखीच लागते, दादा.