आठ वर्षांच्या बुलेटला फुल इन्शुरन्स कशाला?

सुदामानगर_350

महिनाअखेर माझ्या बुलेटची पॉलिसी संपतेय. 2017 ची 350. नूतनीकरणाच्या मेसेजात आयडीव्ही लिहिलीय 54 हजार, म्हणजे गाडी चोरीला गेली तर जास्तीत जास्त एवढेच. फुल पॉलिसी 2,700 च्या आसपास जातेय. नुसती थर्ड पार्टी घेतली तर 1,366 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 1,612. हा दर 150 ते 350 सीसीसाठी सरकारनेच 2022 मध्ये ठरवलाय, कुठल्याही कंपनीकडे जा, तोच.

आता माझा हिशेब. आठ वर्षांत क्लेम एक. 2019 मध्ये इथे इंदुरात राजवाड्यापाशी रिक्षाने ठोकले. बिल 4,200 चे. प्लास्टिकचे निम्मे कापले, रंगाच्या सामानाचे निम्मे कापले, पत्र्याचे थोडे कापले, हातात आले 2,600. वर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, शून्यावर. खरी फजिती झाली ती दोनदा, आणि दोन्ही वेळा विम्याचा काडीचा उपयोग नव्हता. सिमरोलच्या पुढे क्लच केबल तुटली, आणि मानपूरजवळ मागचे चाक पंक्चर. ट्यूबवाले चाक, दीड तास ढकलली, मे महिन्यात.

म्हणून ठरवलेय: ओडीला, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याला, राम राम. थर्ड पार्टी घ्यायची आणि साडेपाचशेची वेगळी आरएसए, म्हणजे गाडी बंद पडली तर रस्त्यावर साहाय्य. ज्यांना पटत नाही त्यांनी आकडे घेऊन यावे, काळजी घेऊन येऊ नये.

नाना_लोकमान्यनगर

ओडी सोडलीस ते बरोबर. पण साडेपाचशे कशाला घालवतोस? नवी क्लच केबल जुन्या केबलला लागूनच ओवून ठेव, दोन्ही टोकांना चिकटपट्टी. जुनी तुटली की नवी अडकव, दहा मिनिटांचे काम. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, एक पायपंप. मी 1988 पासून असाच फिरतोय. मला आजवर कुणी रस्त्यावर साहाय्य केलेले नाही आणि मी मागितलेले नाही.

अर्धा_रस्ता

नाना, बुलेटचे मागचे चाक भर उन्हात एकट्याने काढून दाखवा, मी पोहे खाऊ घालतो.

पण आरएसएवर एवढा विश्वास नको रे 350. माझा गेल्या पावसाळ्यातला अनुभव ऐक. जाम गेटला गाडी बंद पडली, चढावर, धुक्यात. रेंज एकच दांडी. फोन लागला तर पलीकडची मुलगी विचारते, लोकेशन? म्हटले जाम गेट. ‘सर, ट्रैफिक जाम है क्या?’ जाम गेट म्हणजे घाटातला अहिल्याबाईंचा दरवाजा, हे तिला समजवायला दहा मिनिटे गेली. गाडी आली पावणेचार तासांनी, आणि आली ती कार उचलायची क्रेन! पुढचे चाक दोराने लटकवून नेतो म्हणाला. मी नको म्हटले, सायलेन्सर घासत गेला असता. वर 25 किलोमीटरच फुकट, पुढे किलोमीटरवर पैसे, आणि इंदूर तिथून पन्नासच्या घरात. शेवटी महूहून छोटा हत्ती बोलावला. 1,400 रुपये. त्या माणसाने फळी लावली, जुनी गादी टाकली, हँडलला दोन्ही बाजूंनी पट्टे बांधले. गाडीला एक ओरखडा नाही.

तेव्हा घेण्याआधी तीन गोष्टी विचार: किलोमीटर कुठून मोजतात, गाडी जिथे बंद पडली तिथून की तुझ्या घरच्या पत्त्यापासून? दुचाकी आडवी न करता नेणारी गाडी त्यांच्याकडे आहे का? आणि वर्षातून किती वेळा? पेट्रोल आणून देतात, पण पेट्रोलचे पैसे आपलेच, हेही लक्षात ठेव.

साबूदाणा_खिचडी

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा मदतीचा नंबर लावा ना. मानपूरला तो चालला असता. जाम गेटचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग नाही, तिथे नाही.

पॉलिसीवाली_ताई

मी नऊ वर्षे मोटर क्लेमच्या टेबलावर बसतेय, त्यामुळे मला भीती दाखवणारी एजंट म्हणालात तरी चालेल, सवय आहे. आकडे मागितलेत ना दादा, घ्या.

तुमचा 2,700 आणि 1,612 मधला फरक सगळा ओडीचा नाही. त्यात पीए आहे. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा नियमाने लागतो, तुमच्याकडे तेवढ्या रकमेची वेगळी अपघात पॉलिसी असली तरच सूट. थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याचे नुकसान. तुम्ही स्वतः पडलात तर त्यात तुम्हाला दमडी मिळत नाही. पीए पुन्हा जोडा, मग बघा किती वाचतात. सातशे? त्यातले साडेपाचशे आरएसएला.

दुसरे. 2019 नंतर क्लेम नाही म्हणजे तुमची एनसीबी 50 टक्क्यांवर आहे. ती गाडीची नसते, तुमची असते. उद्या नवी गाडी घेतलीत तर तिच्या ओडीवर लागते. पण जुन्या ओडीची मुदत संपून 90 दिवस गेले की संपली.

आणि मला खरे विचारायचेय ते हे: मागे कोण बसते?

सुदामानगर_350

बायको. महेश्वरला महिन्यातून एकदा जातो. का?

पॉलिसीवाली_ताई

कारण नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीच्या मागे बसलेला माणूस तिसरा पक्ष धरला जात नाही. सुप्रीम कोर्टाने 2006 मध्येच तसे सांगितलेय. फुल पॉलिसीत तो धरला जातो, विमा नियामकाने 2009 मध्ये कंपन्यांना तसे स्पष्ट कळवलेय. तुम्ही ओडीकडे नुसते पत्रा आणि इंडिकेटर म्हणून बघताय. ती काढली की मागची सीटही उघडी पडते. हे आमच्या टेबलावर लोकांना कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

सुदामानगर_350

हे मला माहीत नव्हते, मान्य. पण आम्हा दोघांची वेगळी अपघात पॉलिसी आहे, बँकेतून घेतलेली. मग?

पॉलिसीवाली_ताई

वहिनींचे त्यात भागेल, रक्कम तपासा. आणि 15 लाखांची असेल तर पीएही सोडा, तिथे तुम्ही जिंकलात. पण ऑफिसातला मित्र मागे बसला, चूक तुमची निघाली आणि त्याला काही झाले, तर? त्याच्या घरचे ट्रिब्युनलमध्ये जाणार. आणि ती रक्कम ठरलेली नसते. त्याचे वय, पगार, घरात किती माणसे, यावरून काढतात. कंपनी हात वर करेल आणि भरपाई तुमच्या पगारातून.

नाना_लोकमान्यनगर

मित्राला रिक्षाने ये म्हणायचे.

अर्धा_रस्ता

ताईंचा मागच्या सीटचा मुद्दा बिनतोड आहे. पण ओडी म्हणजे आरएसए नव्हे, हेही ताईंनी सांगायला हवे होते. इंजिन बंद पडले, वायरिंग गेले, ओडी काही देत नाही. टायर फुटला तर गाडीचेही नुकसान झालेले असेल तरच, आणि तेही निम्मे. अपघात झाला तर गाडी उचलून नेण्याचे दुचाकीला मिळतात किती? 300 रुपये! तीनशेत आजकाल छोटा हत्ती महूच्या चौकातून वळत पण नाही.

आणि आठ वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर 40 टक्के कापतात. लेग गार्ड वाकला म्हणून क्लेम टाकाल तर 50 टक्के एनसीबी घालवून हजार रुपये आणाल. म्हणजे ओडी घ्यायची, पण लहानसहान क्लेम करायचाच नाही. गंमत आहे ना भिया?

पॉलिसीवाली_ताई

गंमत नाही, तशीच वापरायची असते ती. चोरी आणि मोठा अपघात, बस. दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेली की टोटल लॉस धरतात, म्हणजे तुमच्या बाबतीत 40,500 च्या वर. फ्रेम वाकली की बुलेटचे बिल तिथे सहज पोचते. 300 चे खरे आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आरएसए आमच्याकडून जोडून घेतली तर ती वापरल्याने एनसीबी जात नाही, एवढेच सांगते. क्रेन कारचीच येईल की नाही, ते नाही सांगू शकत.

साबूदाणा_खिचडी

चोरी म्हणालात म्हणून: दोन्ही किल्ल्या जपा. माझ्या मेव्हण्याकडे एकच निघाली आणि सर्व्हेअरने तीन महिने पळवले. दुसरी पलंगाखाली होती.

सुदामानगर_350

बरे. बायकोला हा धागा वाचून दाखवला ही चूक झाली. ओडी राहतेय, एक वर्ष. बँकेची पॉलिसी 10 लाखांचीच निघाली, तेव्हा पीएही राहतोय. आरएसए रद्द. मला अजून वाटते की आठ वर्षांच्या गाडीला हे जास्त आहे, पण मागच्या सीटवरून वाद घालता येत नाही.

नाना, केबल ओवायला शनिवारी येऊ का? आणि अर्धा_रस्ता, त्या गादीवाल्या छोटा हत्तीचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठव.

नाना_लोकमान्यनगर

ये. केबल घेऊन ये, चिकटपट्टी माझी.