मर्यादा वाढवून प्रश्न सुटत नाही

खोल गेलेल्या नेस्टेड लिस्टवर (लिस्टच्या आत लिस्ट) रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे, अडले तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेची अशा बोलावण्यांवरची मूळ १००० ची मर्यादा वाढवावी, हा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण दोष पुष्कळदा खोलीचा नसतोच. नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांच्या आवकेची नोंद मी अडत्यानिहाय, तिच्या आत गाडीनिहाय, अशा लिस्टमध्ये ठेवली होती आणि ‘ज्यावर फॉर लूप चालतो (म्हणजे ज्यातले घटक एकेक करून घेता येतात) त्याच्या आत उतरावे’ एवढीच अट लिहिली होती. जेमतेम तीन पातळ्यांची ती रचना, तरी प्रोग्राम पहिल्याच ‘मृग’ (संत्र्याचा बहार) या शब्दापाशी कोसळला आणि मर्यादा (मीही आधी तेच केले) ५००० केल्यावरही तिथेच कोसळला. पायथनमध्ये स्ट्रिंगचे (म्हणजे मजकुराचे) प्रत्येक अक्षर ही पुन्हा स्ट्रिंगच असल्यामुळे ‘म’च्या आत ‘म’च सापडत राहतो. आत उतरण्यापूर्वी स्ट्रिंग वेगळी काढणारी एक ओळ पुरेशी ठरली.