मुंबईत रोजच्या वाटेवर अचानक काय दिसलं?

महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ची इमारत आहे. तीन वर्षं मी त्या फुटपाथवरून ये-जा केली. गेल्या आठवड्यात छत्री मिटायला थांबले, सहज वर पाहिलं, तर भिंतीवर कोरलेले शेतकरी, कुंभार! शिल्पकार ना. ग. पानसरे. तेव्हापासून जीवाला हुरहुर लागलीय. तुम्हाला असं काही सापडलं असेल तर लिहा ना.

*

आमच्या नाक्यावर एक काळा दगड होता, जेमतेम वीतभर वर आलेला. लहानपणी त्यावर बसून गोळा खायचो. तो इंग्रजांच्या काळातला मैलाचा दगड निघाला. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून हे मैल मोजायचे. दर वेळी रस्ता नि फुटपाथ चढत गेला आणि दगड गाडला गेला. अलीकडे असे दगड शोधून मोकळे केले, त्यात आमचाही आला. चांगला कमरेएवढा आहे! खोदलेल्या रोमन आकड्यावरून बोट फिरवलं, खाचेत अजून ओली माती होती. चर्चगेट हे नावही त्याच चर्चचं. किल्ल्याचा तट १८६०च्या दशकात पाडला, दरवाजा गेला, नाव लोकलच्या इंडिकेटरवर राहिलं.

*

हायकोर्टात जाणार असाल तर खांबांवरची नक्षी बघा. एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड हातात तराजू धरून बसलंय.

*

लेकीला राणीच्या बागेत नेलं होतं. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती दिसला. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं ते याच्यामुळे. पुढे तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, त्यात पडून त्याचे तुकडे झाले. नंतर जोडून उभा केला. लेक सांध्यांवरून हात फिरवत विचारत होती, "दुखलं असेल का गं?"

*

फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीत जमिनीखाली ट्रामचे रूळ निघाले, त्याचे फोटो मी बाबांना दाखवले. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा ते रस्त्यावरच्या गर्दीत होते. फोटो मोठा करकरून पाहिला त्यांनी. मग म्हणाले, "उद्या मला तिथं घेऊन चल."